पाण्याचा ताळेबंद चौकटींत : शालेय ग्रंथालय आणि संगणकावरील चित्रकथा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी पाण्याचा हिशेब मांडण्याची प्रथा आहे. पर्जन्यमापकावर पाऊस किती नोंदला गेला, निरीक्षण विहिरींची पातळी कोठवर आली, याची मोजदाद होते आणि त्यावरून ग्रामसभा ठरविते की, प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्या मानाने शेतीचे. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी करावयाचे. २००४ पासून या ताळेबंदास भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे तांत्रिक साहाय्यही मिळत आले आहे. ऊस आणि केळी ही पिके घ्यावयाची नाहीत, शेतीच्या सिंचनासाठी कूपनलिका खोदावयाची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले, आणि त्यांचा बोलबाला देशभर झाला.

हे निर्बंध ज्या पिढीने स्वीकारले तिने त्यांची कारणे डोळ्यांनी पाहिली होती. १९७२ चा दुष्काळ, उघडे पडलेले डोंगर, कोरड्या विहिरी आणि कामासाठी मुंबई-पुण्याकडे निघालेली कुटुंबे हा त्या पिढीचा अनुभव होता. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. शाळेचा प्रश्न आधी हाती घेण्यात आला. पुढे श्रमदान, रोजगार हमी योजना, वन विभागाचे सहकार्य आणि नव्वदीच्या दशकातील आदर्श गाव योजना यांच्या योगाने डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली, आणि पाणी जमिनीत मुरू लागले. २०२० मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

परंतु १९८९ मध्ये जो शेतकरी तिशीत होता, तो आज पासष्टी ओलांडून गेला आहे. आज आठवीत शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हिरवा डोंगर ही निसर्गाचीच देणगी आहे. डोंगर उघडा होता हे त्याला सांगितले जाते. त्याने ते पाहिलेले नाही. ज्याचे कारण ठाऊक नाही असा नियम हा केवळ मनाई वाटू लागतो, आणि मनाई मोडण्याचा मोह प्रत्येक नव्या पिढीस होतोच. गावाने काय केले हे मुलांना पाठ असणे आणि ते का केले हे कळणे, या दोहोंत बरेच अंतर आहे. हे अंतर कमी करण्याच्या कामी संगणकावर चित्रकथा तयार करण्याची साधने कितपत उपयोगी पडतील, याचा विचार हिवरे बाजारचे उदाहरण समोर ठेवून येथे केला आहे. त्यातील गणिते कोणत्याही गावास आपापले आकडे घालून करता येतील.

निबंध झाकतो, चित्र उघडे करते

‘ग्रामस्थांनी सलग समतल चर खोदले व त्यामुळे पाणी अडले’ असे वाक्य विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले तर त्याला पूर्ण गुण मिळतात. त्याच विद्यार्थ्यास डोंगर काढून त्यावर चर दाखविण्यास सांगितले, तर तो बहुधा माथ्यापासून पायथ्याकडे धावणाऱ्या रेघा ओढील. तसा चर पाणी अडविणार नाही. उलट ते वेगाने खाली नेऊन माती धुऊन काढील. समतल चर हा डोंगराला आडवा, सारख्या उंचीवरून जावा लागतो. शब्दांत जी चूक दिसलीच नाही, ती चित्रात तत्काळ दिसते.

चित्रकथेचा शैक्षणिक उपयोग मुख्यतः येथे आहे. चित्रकथा ‘मुलांना आवडते’ म्हणून ती वर्गात आणावी, हा युक्तिवाद अपुरा आहे. मुलांना आवडणाऱ्या इतर गोष्टीही पुष्कळ आहेत. चित्रकथा रचताना मात्र मुलाला प्रत्येक पायरीवर निर्णय घ्यावा लागतो. आधी काय घडले, कोण कोठे उभे होते, हातात कोणते अवजार होते, कोण काय बोलले, आणि दोन चौकटींमधील मोकळ्या जागेत किती काळ गेला? लेखनात ‘पुढे हळूहळू परिस्थिती सुधारली’ असे म्हणून दहा वर्षे ओलांडता येतात. चित्रात ती दहा वर्षे कशी दाखवावयाची हा प्रश्न सुटल्याखेरीज पुढे जाता येत नाही, आणि तो सोडविण्यासाठी कोणा वडीलधाऱ्यास जाऊन विचारावे लागते.

ही पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्रे प्रेक्षकांसमोर धरून कथा गात आले आहेत. ही परंपरा जपल्याबद्दल श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री सन्मान लाभला. युरोपात आधुनिक चित्रकथेचा आरंभ ज्यांच्या नावे सांगतात ते रोडोल्फ टॉफर हे जिनीव्हा येथील एक शाळाचालक होते, आणि त्यांच्या चित्रकथांचे पहिले वाचक त्यांचे विद्यार्थीच होते, हा योगायोग शिक्षकवर्गास सुखावणारा आहे. आपल्याकडे १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. १९७१ मध्ये बालभारतीचे ‘किशोर’ मासिक निघाले, आणि १९९१ पासून ‘चिंटू’ने मराठी वृत्तपत्राच्या वाचकांस चौकटींतून वाचण्याची सवय लावली.

चित्रकथांनी वाचनाची गोडी बिघडते, ही शंकाही जुनीच आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकाने मोठे वादळ उठविले व चित्रकथांविरुद्ध सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. पुढे २०१२ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक कॅरल टिली यांनी त्याची मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा त्याने आपल्या पुराव्यांत फेरफार केल्याचे दिसून आले. तथापि, चित्रकथा वाचणे आणि ती रचणे या भिन्न क्रिया आहेत, आणि येथे विचार रचण्याचा आहे.

साधन नेमके काय करते

संगणकावरील चित्रकथेची साधने दिसावयास निरनिराळी असली, तरी त्यांचे कार्य सारखेच असते. पान उघडले की चौकटींचे तयार आराखडे मिळतात. चौकटीत छायाचित्र, कागदावर काढून भ्रमणध्वनीने टिपलेले चित्र किंवा पडद्यावरच काढलेले चित्र बसविता येते. बोलण्याचा फुगा ओढून पात्राजवळ ठेवावयाचा आणि त्याचे शेपूट तोंडाकडे वळवावयाचे. निवेदनासाठी वर किंवा खाली पट्टी असते. पुरे झालेले पान छापता येते किंवा पीडीएफ स्वरूपात जतन करता येते. ‘कॉमिक लाइफ’ हे साधन २००५ पासून अनेक देशांतील शाळांत वापरले गेले. ‘पिक्स्टन’, ‘स्टोरीबोर्ड दॅट’, ‘कॅनव्हा’ ही आंतरजालावरून चालणारी आहेत. जेथे आंतरजालाचा भरवसा नाही, तेथे ‘क्रिता’ आणि ‘इंकस्केप’ हे चित्रणाचे किंवा ‘लिब्रेऑफिस’मधील सादरीकरणाचे विनामूल्य साधन संगणकात एकदा बसविले की पुरते. शेवटचे साधन चित्रकथेसाठी घडविलेले नाही. पण चार चौकटी, चार चित्रे आणि काही फुगे एवढे काम ते उत्तम करते.

मग कागद-पेन्सिल का पुरत नाही? पुष्कळ अंशी पुरते. ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने श्री. शरद शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली देशभर घेतलेल्या कार्यशाळांत सामान्य माणसे साध्या कागदावर चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढतात, तिच्या छायाप्रती काढतात आणि त्या गावातच लावतात. त्यात संगणकाची अडवणूक कोठेही नाही. संगणकाने पडणारा फरक दुरुस्तीचा आहे. कागदावर तिसरी चौकट चुकली तर सारे पान पुन्हा काढावे लागते. म्हणून मूल चूक मान्य करीत नाही आणि शिक्षकही ती दाखविताना संकोचतात. संगणकावर तेवढी चौकट बदलता येते. डोंगरावरचा उभा चर आडवा करणे हे पाच मिनिटांचे काम होते, आणि त्यामुळे चूक दाखविणे कोणालाच जड जात नाही.

एक मिलिमीटरचे चित्र

पाण्याचा ताळेबंद हा आकड्यांचा विषय. त्याची चित्रकथा कशी होणार, असे कोणी विचारील. उत्तर एका साध्या गणितात आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडते. रस्त्यावर दिसणाऱ्या एका मोठ्या टँकरात एवढेच पाणी मावते. म्हणजे मिलिमीटर ही अदृश्य राशी मुलाला टँकरच्या रूपाने काढता येते.

हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आहे. गावावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ९७७ टँकर पाणी पडले. ३०० मिलिमीटर पडला तर २,९३,१०० टँकर. आता लोकसंख्या १,३०० धरू आणि प्रत्येक माणसास रोज ५५ लिटर पाणी देऊ. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी हेच प्रमाण घेतले आहे. रोजचे ७१,५०० लिटर आणि वर्षाचे सुमारे २ कोटी ६१ लाख लिटर, म्हणजे २,६१० टँकर झाले. भागाकार केल्यास दिसते की, माणसांच्या वर्षभराच्या पाण्याइतके पाणी गावाच्या शिवारावर अवघ्या पावणेतीन मिलिमीटर पावसात पडते.

या ठिकाणी वर्गात प्रश्न निघालाच पाहिजे, आणि न निघाल्यास शिक्षकांनी काढावा: पावणेतीन मिलिमीटर पाऊस तर दुष्काळाच्या वर्षीही पडतो, मग विहिरी कोरड्या का पडत होत्या? पडलेले सारे पाणी हाती लागत नाही, काही वाहून जाते, काहीची वाफ होते, मुरते ते थोडेच, हे या प्रश्नाचे उत्तर. आणि ओढ्याने धावत गावाबाहेर निघालेल्या टँकरांची रांग ही चित्रकथेची पहिली चौकट. चर हे उत्तराचे दुसरे अंग आणि दुसरी चौकट.

तिसऱ्या चौकटीत ऊस येतो. पाटपाण्यावरच्या उसाला एका हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एक हेक्टर ऊस २,००० टँकर पाणी पितो. सर्व गावाच्या वर्षभराच्या पिण्या-वापरण्याच्या पाण्याइतके पाणी १.३ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर उसाला लागते. एका बाजूस १,३०० माणसे, दुसऱ्या बाजूस सव्वातीन एकराचा फड, मध्ये तराजू, असे चित्र सहावीतील मुलगी काढू शकते. ते पाहिल्यावर ‘ऊस लावावयाचा नाही’ हा नियम कोणी समजावून सांगावा लागत नाही. चौथ्या चौकटीत ग्रामसभा असावी आणि तेथे एखादा ग्रामस्थ विरोधात बोलताना दाखवावा. बागायतीचे उत्पन्न सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि सर्वांनी एका क्षणात माना डोलावल्याचे दाखविणारी कथा मुलांनाही खरी वाटत नाही.

आकड्यांची ही तयारी चित्र काढण्यापूर्वी व्हावी. प्रत्यक्ष वर्गात पहिली दोन सत्रे संगणक बंदच ठेवावा. गणित, वडीलधाऱ्यांकडून मिळविलेली माहिती आणि कागदावरचा कच्चा आराखडा हाती असल्याविना मूल संगणकासमोर बसले, तर वेळ रंग आणि अक्षरांचे आकार बदलण्यात जातो. एकच संगणक असलेल्या शाळेने चार-पाच मुलांचे गट करावेत. एकाने माहिती आणावी, एकाने संवाद लिहावेत, दोघांनी चित्रे काढावीत, एकाने अक्षरजुळणी व शुद्धलेखन पाहावे आणि पुढल्या कथेच्या वेळी कामे बदलावीत.

फुग्यातील मराठी

मराठी शाळेपुढे येणारी एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत आढळत नाही. चित्रकथेच्या साधनांतील शोभिवंत अक्षरवळण रोमन लिपीपुरते असते. देवनागरी मजकूर घातला की काही साधनांत जोडाक्षरे फुटतात, काही ठिकाणी वेलांटी आणि रफार फुग्याच्या कडेस भिडतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या अक्षरसंचांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उघडतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ व ‘बलू’ हे विनामूल्य अक्षरसंच चित्रकथेस शोभतात. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतील अर्धा र नीट उमटतो काय, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. कुऱ्हाडबंदीच्या कथेत तोच शब्द वेडावाकडा दिसणे बरे नव्हे. ओळींमध्ये अंतर थोडे अधिक ठेवावे आणि एका फुग्यात पंधरा-वीस शब्दांहून अधिक मजकूर घालू नये.

याहून महत्त्वाचा प्रश्न बोलीचा आहे. चित्रकथेतील आजी ‘त्या काळी या डोंगरावर गवताची काडीही नव्हती’ असे बोलत नाही. ती म्हणते, ‘ह्या डोंगरावर तवा काडीबी नव्हती बघ.’ हे वाक्य फुग्यात तसेच राहू द्यावे. निवेदनाच्या पट्टीत प्रमाण भाषा आणि फुग्यात माणसाची बोली, असा साधा दंडक ठेवला तर मूल दोन्ही भाषारूपे ओळखू लागते आणि कोणते कोठे योग्य हेही शिकते. फुग्यातील ‘तवा’ला तांबड्या शाईने खूण करणाऱ्या शिक्षकांनी हेतू चांगलाच ठेवलेला असतो, पण त्यामुळे मुलाच्या कथेतील आजी पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागते आणि परकी होते.

तयार चित्रांचा मोह

साधनांसोबत मिळणारी तयार चित्रे सोयीची असतात, आणि अपाय तेथूनच सुरू होतो. घर म्हणून धुराडे असलेली उतरत्या छपराची बंगली मिळते, शेतकरी म्हणून ट्रॅक्टरवर बसलेला टोपीवाला इसम मिळतो, विहीर म्हणून बादली टांगलेला कट्टा मिळतो. नगरी मातीतील पायऱ्यांची विहीर आणि कुसळी गवताचा डोंगर त्या संग्रहात नसतो. आज्ञा दिली की चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आता हाताशी आहेत. ती खेड्याचे चित्र देतात, पण ते कोणत्याही खेड्याचे असते. आणि चर आडवा की उभा हा निर्णय ज्याने घ्यावयाचा त्या मुलाच्या हातून तो निसटतो. या साधनांवर बंदी घालण्याचे कारण नाही, परंतु गावाच्या कथेत गावचीच चित्रे असावीत, मुलांनी काढलेली किंवा शिवारात जाऊन टिपलेली, हा आग्रह धरण्यासारखा आहे.

छायाचित्रे टिपताना संमतीचा प्रश्न येतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या केंद्रीय अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. आंतरजालावरील साधनांत मुलांची नावे घालून खाती उघडू नयेत. शाळेचे एक खाते शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरावे. ज्या वृद्धांचे चित्र किंवा बोल कथेत येणार त्यांना ते आधी दाखवावेत. इतरांची चित्रे उचलणे हाही दोषच आहे. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची चित्रे व मराठी कथा आहेत. चित्रकाराचे नाव देऊन ती वापरता येतात. नाव देण्याची सवय लागणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

कपाटातील जागा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. प्राथमिक शाळेत स्वतंत्र ग्रंथपाल बहुधा नसतो. एखाद्या शिक्षकाकडे कपाटाची किल्ली असते. त्या कपाटात मुलांनी रचलेल्या चित्रकथेस जागा मिळणे हे संगणक मिळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये शंभराहून अधिक चित्रकथा प्रसिद्ध केल्या, त्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांतील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीच तयार केल्या होत्या व ‘दीक्षा’वर ठेवल्या गेल्या. गावातील शाळेने एवढा पल्ला गाठावयाचे कारण नाही. आठ पाने छापावीत, मध्ये दोरा घालून शिवावीत, दाखल नोंदवहीत क्रमांक द्यावा, मुखपृष्ठावर रचणाऱ्या मुलांची पहिली नावे, इयत्ता व वर्ष लिहावे आणि पुस्तक इतर पुस्तकांप्रमाणे घरी नेऊ द्यावे. मूळ प्रत संगणकाखेरीज आणखी एका ठिकाणी जतन करावी.

छपाईचा कागद व शाई यांचा खर्च थोडा असतो, पण तोही कोणीतरी मंजूर करावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. ग्रंथालयाच्या खर्चात एवढी तरतूद दाखविणे तिच्या अधिकारातील गोष्ट आहे. पंचायत सदस्यांनी आणखी एक करावे. चित्रकथेची एक प्रत ग्रामपंचायत कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर, पाऊस-पाण्याच्या नोंदी जेथे लागतात त्यांच्या शेजारी लावू द्यावी. तेथे येणाऱ्यांत चर स्वतः खोदलेले लोक असतील. ते चित्रापुढे थांबतील आणि एखादा म्हणेल की, त्या वर्षी कुदळीला आम्ही लाकडी दांडा स्वतः बसविला होता, आणि माती चराच्या वरच्या अंगास नव्हे, खालच्या अंगास टाकली होती. मुलांनी ते टिपून घ्यावे, दुसऱ्या दिवशी ती चौकट दुरुस्त करावी आणि नोंदवहीत पहिल्या प्रतीखाली दुसऱ्या आवृत्तीची नोंद करावी.